अंधारबन: चढण कमी, उतरण फार
ताम्हिणीजवळच्या पिंपरीहून निघून हिरडीमार्गे भिऱ्यात उतरणारी ही वाट साधारण 13 किमी. सुरुवातीला जंगल इतकं दाट की भर दुपारीही ऊन पायाशी पोचत नाही. उघड्यावर आलात की समोर थेट कुंडलिकेची दरी! पावसाळ्यात ओढे आडवे येतात. पाणी चढलेलं असेल तर मुकाट्याने मागे फिरा. खरा घाम हिरडीनंतरच्या उतारावर, गुडघे बोलायला लागतात. खाली भिऱ्याचं वीजकेंद्र 1927 पासून मुळशीच्या पाण्यावर चालतंय, आणि तेच पाणी पुढे कोलाडच्या राफ्टिंगला मिळतं. सायकलवाल्यांनी मात्र ताम्हिणीचा डांबरी घाटच धरावा. अंधारबनच्या वाटेवर पावसाळ्यात बंदी असू शकते, आधी चौकशी करा.