चुलीचे धुराडे घरीच बसवताना

कापडाच्या व्यापारामुळे आमचे रंगारी बंधूंकडे जाणे असते. लाकडाच्या चुलीचे धुराडे ते स्वतःच बसवतात, पण नळ्या पुष्कळदा उलट्या जोडलेल्या दिसतात. वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत जायला हवे. ओल्या लाकडाच्या धुराचे डांबर नळीत ओघळते, ते सांध्यातून बाहेर न गळता चुलीत परतावे. साचलेले डांबर पेट घेते, म्हणून नळी वरचेवर झाडावी.

साध्या पत्र्याच्या नळीपासून दीड फुटाच्या आत कापड नको, छताचा लाकडी वासाही नको. नळी छतावर किमान ३ फूट जावी. १० फुटांच्या आत भिंत अगर कौलांचा आढा असेल तर त्याहून २ फूट उंच. नाही तर वाऱ्याने धूर घरात परततो.

रात्री निखारे धगधगत असता नळीची झडप लावून झोपणे तर जिवावरचेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.