होडीला इंजिन बसल्यावर

कोकणात खाडीकाठी सोळा-अठरा फुटी फायबरच्या होडीला मागं छोटं पेट्रोल इंजिन लावलेलं आता सर्रास दिसतं. इंजिन बसलं की पुढचा प्रश्न येतो : आता आणखी काय बसवू? नात्यातल्या एका पोरानं दाभोळच्या धक्क्यावर मला विचारलं, "मामू, आधी मासे दाखवणारं यंत्र घेऊ की याहून मोठं इंजिन?" मी म्हटलं, "खाडीच्या मुखाशी, ओहोटीत हे इंजिन बंद पडलं तर काय करशील, ते आधी सांग."

मोठ्या इंजिनाचा मोह सोडावा. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. सोळा फुटी होडी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पोहोचली, की त्यापुढं पेट्रोल भसाभस जळतं, वेग मात्र जेमतेम वाढतो. हलकी, सपाट बुडाची होडी पाण्यावर उचलली जाते हे खरं. पण जाळं, बर्फ आणि चार माणसं भरल्यावर तीही बसकण मारते.

त्यापेक्षा नांगराकडे बघा. इंजिन थांबलं की खडकापासून वाचवणारा तोच. भरतीला जेवढं पाणी असेल त्याच्या पाच ते सातपट दोर सोडावा लागतो. पाणी चार मीटर असेल तर वीस-पंचवीस मीटर दोर हवाच. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी जोडली, की तिच्या वजनानं नांगर आडवा राहतो आणि चिखलात रुततो. माणशी एक लाइफ जॅकेट आणि दोन वल्ही हवीत, हे वेगळं सांगायला नको. जॅकेट मात्र अंगात हवं, जाळ्याखाली नव्हे.

इंजिनाबरोबर एक छोटी दोरी मिळते. तिचं एक टोक बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला. माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद. दोरी न बांधल्यास रिकामी होडी गोल फिरून त्याच माणसाच्या अंगावर येऊ शकते. पुष्कळजण ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवतात!

पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. टाकीत पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि इंजिन गचके खातं. म्हणून पाणी वेगळं करणारा, खाली पारदर्शक वाटी असलेला फिल्टर बसवावा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये.

इंजिनाच्या पायाला जस्ताचा एक तुकडा असतो. खारं पाणी आधी त्याला खातं, म्हणून इंजिनाची धातू वाचते. दुसऱ्यासाठी झिजणाऱ्या या तुकड्यावर कुणी कविता केल्याचं मला माहीत नाही. त्याला रंग मात्र लावू नका. रंगवला की तो निकामी. निम्मा झिजला की बदलावा.

मोबाइल पाणबंद पिशवीत ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक त्यात असू द्या. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइलची रेंज जाते. तिथं व्हीएचएफ रेडिओ हवा. संकटाची हाक चॅनेल 16 वर देतात.

राहिलं मासे दाखवणारं यंत्र. मला ते माशांपेक्षा खोली दाखवतं म्हणून आवडतं. खाडीच्या मुखाशी वाळूचे बांध सरकत असतात. त्याचा सेन्सर मागच्या फळीवर, पंख्यापासून जरा बाजूला लावावा. पंख्याच्या बुडबुड्यांत त्याला काही दिसत नाही.