घोंगडीची खोळ

आषाढी जवळ आली की पंढरीच्या वाटा पूर्वी घोंगड्यांनी काळ्या दिसत. आता तेथे रंगीत प्लॅस्टिकचे कागद अधिक दिसतात. पाऊस त्यांनीही अडतो, हे मान्य. पण त्यांत ऊब नाही, आणि मुक्कामी अंथरून निजावे तर तेही सुखाचे नाही.

घोंगडीचे एक टोक आत दुमडून डोक्यावर घेतले की शिरापासून पोटरीपर्यंत अंग झाकणारी खोळ होते. कोकणातले इरले बांबूचे व पानांचे, तान्ह्या बाळाची कुंची शिवलेली. खोळीला मात्र सुईदोऱ्याची गरज नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर, हातमागाची वीण आणि वर चिंचोक्याची खळ, त्यामुळे पहिल्या सरी वरच्यावर ओघळून जातात. पुढे ती पाणी पिते, जड होते आणि लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या प्रकरणास आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो, त्याचे मूळ मला येथेच दिसते.

या वस्त्राची शब्दकुळीही थोर आहे. 'कम्बल' हा शब्द अथर्ववेदातील विवाहमंत्रांत आला आहे. पांडुकंबलाने मढविलेल्या रथाचे नाव कसे साधावे, हे सांगण्यास पाणिनीने एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले; आणि सूत्रकार अक्षराचीही उधळपट्टी करीत नाही, हे विद्वान जाणतात! तोच शब्द कानडीत कंबळी झाला, मराठीत कांबळे झाला, आणि संतांनी ते कांबळे गोपाळकृष्णाच्या खांद्यावर घातले.

धर्मशास्त्राने लोकरीला शुद्ध मानले आहे. म्हणूनच सोवळ्यात धाबळी चालते. आमच्या घरी ती होती, आणि तिच्याविषयीचा अभिमानही होता.

1976 साली वडिलांबरोबर मी वारीस निघालो तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो. दिवेघाट चढताना पावसाने गाठले. माझी छत्री वाऱ्याने उलटली. शेजारून एक वृद्ध मेंढपाळ चालला होता. त्याने आपली खोळ एका बाजूने उचलली आणि म्हणाला, "ये रं बाळा, आत ये." मी जागचा हललो नाही. ओल्या लोकरीचा उग्र दर्प येत होता, हे मी स्वतःस कारण सांगितले. खरे कारण निराळे होते, आणि ते वडिलांनी ओळखले.

ते स्वतः नखशिखांत भिजले होते. त्यांनी एवढेच विचारले, "सकाळी पूजेला नेसतोस ती धाबळी कोणाच्या मेंढीची रे?"

मी मुकाट्याने खोळीत शिरलो. घाटमाथा येईपर्यंत म्हातारा काही बोलला नाही. त्याचा अर्धा खांदा माझ्यापायी बाहेर भिजत होता, हे मला वर पोहोचल्यावर दिसले.

रात्री सासवडच्या मुक्कामी पूजेसाठी धाबळी नेसलो. पावसाने तीही दमट झाली होती, आणि तिला तोच वास येत होता.