पदवीनंतरच्या दिशा



नोकरी आणि संसार सांभाळून शिकताना 'उत्तीर्ण झालो, की पुरे' असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र किती गुण पुरेसे आहेत, हे पदवीनंतरच्या वाटेवर अवलंबून असते. म्हणून ती वाट आताच निश्चित करावी.

१. अध्यापन : बी.एड. प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला पदवी वा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठीच्या नेट परीक्षेला एम.ए.च्या आधारे बसताना ही अट ५५ टक्क्यांची असते. राखीव प्रवर्गांना दोन्हीकडे सवलत आहे. या वाटेवर जाणाऱ्याने प्रत्येक सत्रातील गुण जपावेत.

२. स्पर्धा परीक्षा : केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरते; टक्केवारीची अट नाही. मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. तथापि, खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. प्रौढ विद्यार्थ्यांनी ही बाब प्रथम पाहावी.

३. भाषाव्यवसाय : भाषांतर, मुद्रितशोधन, संपादन या क्षेत्रांत वयाचा अडसर सहसा येत नाही. येथे गुणपत्रिकेपेक्षा कामाचे नमुने बोलतात. प्रमाणलेखनाचे नियम पक्के करून असे नमुने आजपासून जमवावेत.

पुढील अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षाची विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता तपासावी. शुल्क विद्यापीठाने ठरवलेल्या मार्गानेच भरावे व पावती जपून ठेवावी.

स्वाध्याय : आपण निवडलेली वाट, तिच्यासाठी लागणारे गुण आणि वयाची अट एका कागदावर लिहून काढा.