मक्याचे अनुदान, पण शेतात सोयाबीन

अमेरिकेतील शेतकऱ्याला सरकारी मदतीसाठी वॉशिंग्टन गाठावे लागत नाही. काउंटीच्या ठिकाणी कृषी खात्याचे कार्यालय असते आणि त्याच्या कामात शेतकऱ्यांनीच निवडून दिलेल्या समितीला अधिकार असतात. इलिनॉय, आयोवाकडे मका-सोयाबीनच्या पेऱ्याची नोंद १५ जुलैपर्यंत याच कार्यालयात करायची.

पैसे मात्र त्या पेऱ्यावर मिळत नाहीत. जमिनीच्या जुन्या नोंदीतील ‘बेस एकर’ धरले जातात, म्हणून नोंदीत मका असला की शेतात सोयाबीन डोलत असतानाही मक्याचे अनुदान येते.

हिशेब असा: बाजारातील सरासरी दर कायद्यात ठरवलेल्या संदर्भ दराखाली गेला, की फरक सरकार देते. २०१८च्या कृषी कायद्यात मक्याचा संदर्भ दर बुशेलला ३.७० डॉलर होता (एक बुशेल मका म्हणजे साधारण २५ किलो). २०१९-२०च्या हंगामाचा देशातील सरासरी दर ३.५६ डॉलर निघाला. फरक १४ सेंट. नोंदीत १०० एकर आणि एकरी १५० बुशेल उत्पादन असेल, तर ८५ टक्के, म्हणजे ८५ एकरच हिशेबात धरून १,७८५ डॉलर होतात. तेही ऑक्टोबर २०२० उजाडल्यावर, म्हणजे पीक निघून वर्ष झाल्यावर!

जमीन जास्त त्याला पैसा जास्त, हा या रचनेतला खरा अन्याय आहे. एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती. २०२५च्या कायद्याने ती १,५५,००० केली. भाजीपाला आणि फळे ही पिके तर या योजनेत येतच नाहीत.