खुर्ची गेली की नेत्यांना कंठ का फुटतो? संगमनेर-लोणीच्या राजकारणातून समजून घ्या

तारीख ४ फेब्रुवारी २०२३. नाशिक पदवीधर मतदारसंघाचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते. संगमनेरचे सत्यजित तांबे अपक्ष म्हणून २९,४६५ मतांनी निवडून आले होते. त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि काँग्रेसच्या प्रदेश नेतृत्वावर आरोपांची सरबत्ती केली. पक्षाने आपल्याला चुकीचे एबी फॉर्म पाठवले, मामा बाळासाहेब थोरात यांना बदनाम करण्याचा डाव होता, असं ते म्हणाले. काँग्रेसने हे आरोप फेटाळले.

तांबे यांनी युवक काँग्रेसचं प्रदेशाध्यक्षपद सांभाळलं होतं. पण इतकं सविस्तर ते बोलले पक्षाने निलंबित केल्यावर आणि आमदारकी हातात आल्यावर. नेते पक्षात असताना गप्प आणि बाहेर पडले की आक्रमक, असं का होतं?

कारण १ : एबी फॉर्म

पक्षाचा उमेदवार व्हायचं तर हे दोन कागद लागतात. तिकीट वाटपाच्या पत्रावर कोणाची सही चालेल, हे ए फॉर्ममध्ये असतं. उमेदवाराचं नाव बी फॉर्ममध्ये असतं. म्हणजे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत दोरी वरच्या नेत्याच्या हातात. ज्याच्या सहीवर तिकीट, त्याच्यावर टीका कोण करणार?

कारण २ : पक्षांतरबंदी कायदा

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. व्हीप मोडून मतदान केलं किंवा स्वेच्छेने पक्ष सोडला तर आमदारकी जाऊ शकते. नुसती टीका म्हणजे पक्षांतर नाही. पण गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राजीनामा दिला नसला, तरी वागण्यावरून पक्ष सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे शहाणा आमदार तोंड सांभाळून बोलतो.

२००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही.

लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांचा क्रम यासाठीच बघण्यासारखा आहे. ते काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. मार्च २०१९ मध्ये मुलगा सुजय भाजपमध्ये गेला. विखेंनी आधी विरोधी पक्षनेतेपद सोडलं, ४ जूनला आमदारकी सोडली आणि १६ जूनला ते फडणवीस सरकारमध्ये मंत्री झाले. राजीनामा आधी दिल्यामुळे अपात्रतेची टांगती तलवार राहिली नाही. आज ते काँग्रेस नेतृत्वावर उघड टीका करतात.

तांबेंचं वेगळं. ते अपक्ष निवडून आल्यामुळे त्यांना कुठल्याच पक्षाचा व्हीप लागू नव्हता.

कारण ३ : तालुक्याची कामं

निधी, कारखाना, पाणी, महामंडळं यांतलं बरंच काही सत्तेतल्या नेत्याच्या शब्दावर हलतं. वरच्याशी वाकडं घेतलं की त्याचा फटका कार्यकर्त्यांनाही बसतो. त्यामुळे प्रत्येक गप्प नेत्याला भित्रा म्हणणंही बरोबर नाही.

पदावर असताना कोणी बोलतच नाही का?

बोलतात, पण बहुतेक वेळा बंद लिफाफ्यात. याच प्रकरणात विधिमंडळ पक्षनेते असलेल्या थोरातांनी दिल्लीला पत्र लिहिलं. प्रदेशाध्यक्ष नाना पटोलेंसोबत काम करणं अवघड असल्याचं त्यात म्हटल्याच्या बातम्या आल्या. त्यांनी पदाचा राजीनामाही दिला. पण पक्ष सोडला नाही आणि पुढे ते त्या पदावर कायम राहिले.

ब्रिटनमध्ये अशा नाराजीला अधिकृत वाट आहे. २०२२ मध्ये हुजूर पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी पत्रं दिल्यावर बोरिस जॉन्सन यांना पंतप्रधान असताना आपल्याच खासदारांसमोर विश्वासमत घ्यावं लागलं. आपल्याकडच्या बहुतेक पक्षांत अशी सोय नाही.

मग मतदाराने काय बघायचं?

उशिरा बोलला म्हणून आरोप खोटा ठरत नाही आणि आवेशात बोलला म्हणून खरा ठरत नाही. असा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा. हा नेता तेव्हा निर्णयात सहभागी होता का? तेव्हा त्याने लेखी काही नोंदवलं होतं का? आणि आज बोलून त्याला काय मिळणार आहे?

कारण पक्षात काय चुकतंय हे मतदाराला मतदानाआधी कळलं तर उपयोग. नंतर कळलं तर ती फक्त बातमी.