उन्हाळ्याची सुटी आणि प्रयोगशाळेचें दार

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोंच पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीचा विचार करणारा शिक्षक लोकांस थोडा विक्षिप्तच वाटेल. परंतु विज्ञानाच्या ज्या विद्यार्थ्यास मे-जून महिने एखाद्या खऱ्या संशोधनशाळेंत काढावयाचे आहेत, त्याच्या दृष्टीनें हाच विचाराचा काळ होय. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान-अकादम्या मिळून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. तिचे अर्ज साधारणतः हिवाळ्याच्या तोंडाशींच मागविले जातात. बंगळूरचें जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचें ‘आयुका’ हें खगोलविज्ञानाचें केंद्र, यांचेहि असे उपक्रम आहेत. फाल्गुनांत जागा होणाऱ्यास त्यांतील बहुतेक दारें बंद झालेलीं दिसतात.

या दोन महिन्यांत विद्यार्थ्यानें मोठा शोध लावावा अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. एका शास्त्रज्ञाच्या हाताखालीं, त्याच्या चालू कामाचा एक लहानसा तुकडा त्याच्या वांट्यास येतो. पाठ्यपुस्तकांतील प्रयोगाचें उत्तर आधींच ठाऊक असतें; येथें तें मार्गदर्शकासहि ठाऊक नसतें. आठ दिवस खपून घेतलेलीं मापें उपकरणाच्या दोषामुळें टाकून द्यावीं लागतात. ज्यास हा अनुभव एकदां आला, तो पदवीनंतर काय करावें हा निर्णय अधिक डोळसपणें करतो. संशोधन हें आपलें काम नव्हे असें त्यास कळलें, तरी तेंहि वेळेवर कळलें असेंच म्हणावें लागेल.

आतां हीच गोष्ट रिद्धपूरहून पाहावी. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील हें गांव श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्यस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि २०२४ पासून तेथें मराठी भाषा विद्यापीठहि सुरू झालें आहे. तालुका संत्र्याच्या बागांचा. गांवांतील मुलगा वा मुलगी बी. एस्सी.साठीं मोर्शीस किंवा अमरावतीस जाते. तिच्या घरांत, नात्यांत, ओळखींत संशोधनशाळा आंतून पाहिलेलें माणूस बहुधा नसतें. पुण्यामुंबईच्या घरांत ही बातमी जेवतांना कानीं पडते; येथें ती शिक्षकानें सांगितली तरच कळते. हुशार मुलास वाट आपोआप सांपडते, हें मत ज्यांच्या दारासमोरूनच वाट जाते त्यांचें आहे.

बातमी पोंचविणें हें शिक्षकाचें पहिलें काम, आणि तें सोपें आहे. अवघड काम शिफारसपत्राचें. अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळीं विद्यार्थी घाबराघुबरा येतो आणि शिक्षक सवयीनें लिहून देतो कीं, अमुक हा सुशील, मेहनती व होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे. यांत खोटें कांहीं नसतें. पण निवड करणाऱ्यापुढें अशा पत्रांचा ढीग असतो, आणि त्या ढिगांतील प्रत्येक जण सुशील, मेहनती व होतकरूच असतो. त्याऐवजीं शिक्षकानें असें लिहिलें कीं, ‘या मुलीचें अनुमापन वर्गांतील इतरांपेक्षां निराळें आलें, शेजारणीचा आंकडा उतरून न घेतां तिनें तें तीनदां केलें, आणि ब्यूरेटची तोटी गळत होती हें शोधून काढलें,’ तर त्या एका वाक्यानें मुलगी डोळ्यांपुढें उभी राहते. गुणपत्रिकेंत हें कोठेंच दिसत नाहीं. तें पाहिलेला एकच साक्षीदार असतो आणि तो म्हणजे तिचा शिक्षक. अशी साक्ष आदल्या संध्याकाळीं आठवूं म्हटल्यास आठवत नाहीं. वर्षभर खिशांतील वहींत तारीख घालून दोन ओळी टिपणारा शिक्षकच ती देऊं शकतो. पत्रांत विद्यार्थ्याची एखादी उणीव लिहिली तरी बिघडत नाहीं. इंग्रजी बोलतांना अडखळतो पण वाचलेलें नीट समजतो, असें सरळ लिहिलेलें पत्र अतिशयोक्तीपेक्षां अधिक विश्वसनीय वाटतें.

अर्जाबरोबर विद्यार्थ्यानें स्वतः एक टिपण जोडावयाचें असतें: कोणत्या विषयांत व काय करावयाची इच्छा आहे. येथें गांवच्या मुलांची लेखणी हटकून मोठमोठ्या शब्दांकडे धांवते. कर्करोग, कृष्णविवर, कृत्रिम बुद्धिमत्ता. या विषयांत वाईट कांहीं नाहीं, पण त्यांविषयीं त्यांनीं चार ओळी वाचलेल्या असतात. उलट ज्या प्रश्नांत तीं वाढलीं, तो प्रश्न आहे हेंच त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. संत्र्याच्या आंबिया बहारासाठीं बागाईतदार डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बागेचें पाणी तोडतो. झाडास ताण बसतो, त्याची पालवी थांबते आणि पुढें पाणी मिळतांच फुलें येतात. हलक्या जमिनींत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनींत उशिरां. हें मुलास वडिलांकडून ठाऊक असतें. मग एका बागेंत फूल दाट आणि बांधापलीकडे विरळ कां? ज्यानें दोन्ही बागांतील खुणेच्या फांद्यांवरचीं फुलें मोजून ठेवलीं आहेत, त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं आहे. वनस्पतिशास्त्राचा शास्त्रज्ञ अशा टिपणापाशीं थांबेल. शिक्षकानें तें टिपण लिहून मात्र देऊं नये. तें वाचावें, जेथें विद्यार्थी केवळ शब्द वापरीत आहे तेथें बोट ठेवावें, आणि पुन्हां लिहावयास परत द्यावें.

रिद्धपूरच्या मुलांस तर संशोधन म्हणजे काय हें सांगण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या आधारानें. आणि ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें-ऐकलें होतें त्यांच्याकडे जाऊन त्या पारखून घेतल्या, अशी परंपरा आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्यास गांठावें, एकाचें सांगणें दुसऱ्याच्या सांगण्याशीं ताडून पाहावें, आणि मगच लिहावें, ही शिस्त प्रयोगशाळेंतहि निराळी नाहीं.

शाळेच्या शिक्षकाचा वांटा त्याहून आधीं सुरू होतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें २०१९ मध्यें ‘युविका’ हा नववीच्या विद्यार्थ्यांसाठींचा उपक्रम सुरू केला. उन्हाळ्यांत सुमारें दोन आठवडे मुलें संस्थेच्या केंद्रांत राहतात आणि जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च संस्था करते. अलीकडील निवडींत शंभरांपैकीं ५० गुण आठवीच्या परीक्षेस, १० प्रश्नमंजूषेस, विज्ञान-प्रदर्शनांतील सहभागास पातळीप्रमाणें १० पर्यंत, आणि पंचायत-क्षेत्रांतील गांवच्या शाळेंत शिकत असल्याबद्दल १५ गुण ठेवलेले आहेत. हे पंधरा गुण रिद्धपूरच्या मुलास मिळतात, शहरांतील मुलास मिळत नाहींत. पण विज्ञान-प्रदर्शनाचे गुण मागील तीन वर्षांचे असतात. सहावी-सातवींतच ज्या मुलास कोणी तालुक्याच्या प्रदर्शनास नेलें नाहीं, त्याचे ते गुण नववींत कोणत्याहि धांवपळीनें भरून निघत नाहींत. दाखले, मुख्याध्यापकांचें प्रमाणपत्र, संगणकावर भरावयाचा अर्ज, हीं कामें बारीक आहेत. बरींच मुलें याच बारीक कामांत गळतात.

निवड झाली तरी घरचा प्रश्न उरतोच. मुलीस दोन महिने बंगळुरास एकटी पाठवावयाची, हें ऐकून आईवडील गप्प बसतात. त्या गप्प बसण्यास मागासलेपण म्हणून हिणवणारा शिक्षक काम बिघडवितो. त्यांचे प्रश्न साधे असतात: राहणार कोठें, स्टेशनवर उतरवून घेणार कोण, खर्च कोणी द्यावयाचा. त्यांचीं उत्तरें कागदावर लिहून शिक्षकानें घरीं जाऊन बसावें. नामांकित संस्था विद्यावेतन देतात. उलट विद्यार्थ्याकडूनच मोठी रक्कम घेऊन ‘संशोधनाचा अनुभव’ विकणारीं दुकानेंहि अलीकडे निघालीं आहेत, त्यांपासून सावध करणें हेंहि शिक्षकाचेंच काम.

बहुतेकांस नकार येईल, हें त्यानें अर्ज भरण्यापूर्वींच सांगून ठेवावें. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवीधर कमला भागवत, पुढें कमला सोहोनी, हिला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत सर सी. व्ही. रामन् यांनीं ती स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. ती स्वतः तेथें जाऊन अडून बसली, आणि एक वर्ष काम पाहूं या अटीवर तिला घेतलें गेलें. त्या वर्षांत श्रीनिवासय्या यांच्यासारखा कडक व मनापासून शिकविणारा गुरु तिला लाभला. १९३९ मध्यें तिनें केंब्रिजची पीएच. डी. मिळविली. प्रत्येकानें अडून बसावें असें नव्हे. पण पहिल्या नकारानंतर दुसरा अर्ज कोठें करावयाचा याची यादी शिक्षकाच्या टेबलावर आधींच असावी. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेंत किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत एखाद्या शास्त्रज्ञास नीट, नेमकें पत्र लिहून भेट मागतां येते, आणि वऱ्हाडांतून तेथें जाणें अवघड नाहीं.

एक गोष्ट फार थोड्या शिक्षकांस ठाऊक असते. अकादम्यांची ती उन्हाळी संशोधनवृत्ती विद्यार्थ्यांप्रमाणेंच विज्ञान-शिक्षकांसहि खुली आहे. महाविद्यालयांतील एखाद्या अध्यापकानें एका वर्षीं स्वतःच अर्ज करावा, स्वतःचें टिपण लिहावें, निकालाची वाट पाहावी. मिळाली तर दोन महिने प्रयोगशाळेंत काढून जुलै महिन्यांत तो वर्गांत परत येईल, तेव्हां विद्यार्थ्यांनीं विचारलेल्या निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें त्यास पुस्तकांत शोधावीं लागणार नाहींत.